संगणक मंदावला? आधी हिशेबाची नक्कल, मग दुरुस्ती

उद्यमनगर असो, लक्ष्मीपुरी असो की चप्पल लाईन, कोल्हापुरातील लहानसहान पेढीवरही लाल कापडी वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. बिले, उधारी, कारागिरांची मजुरी, जीएसटीचे विवरण, सारे त्या एकाच डब्यात. हा डबा अनेकदा एकाएकी बंद पडत नाही. आधी तो मंदावतो. तेवढ्या इशाऱ्यावर सावध झालो तर नुकसान काही हजारांवर भागते. नाही झालो तर कित्येक वर्षांचा हिशेब हातचा जातो.

आमच्या परिचयातील एका लेथ कारखानदाराचे उदाहरण घेऊ. सकाळी संगणक सुरू करून ते चहा पिऊन येत, तरी पडदा तयार नसे. बिल छापायला दिले की मध्येच सारे गोठून जाई. "जुना झालाय, चालायचंच," म्हणत त्यांनी दोन महिने काढले. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. "व्हायरस असंल मालक, फॉरमॅट मारतो, पळायला लागंल," असे तो म्हणाला आणि त्याने तसे केलेही. चार दिवस संगणक पळाला, पाचव्या दिवशी सुरूच झाला नाही. हार्ड डिस्क गेली होती. बॅकअप होता, पण तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात, डी ड्राइव्हवर! तीन वर्षांची उधारी त्यांना गिऱ्हाइकांकडच्या बिलांवरून पुन्हा मांडावी लागली. जे सचोटीचे होते त्यांनी स्वतः होऊन आकडे सांगितले. जेथे वाद झाला तेथे यांच्या हाती पुरावा नव्हता.

डिस्क संगणकाला का रखडवते?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या फिरत असतात. टेबलावरच्या संगणकात त्यांचा वेग बहुधा मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे असतो. माहिती वाचणारे हेड तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगते. तबकडीचा एखादा कण, ज्याला सेक्टर म्हणतात, खराब झाला की डिस्क लगेच हार मानत नाही. तोच सेक्टर ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तेवढा वेळ बाकीचा संगणक तिची वाट पाहत उभा राहतो. गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त गोठलेला पडदा.

पहिले काम निदानाचे नाही

येथेच बहुतेकांची चूक होते. संगणक मंदावला की लोक फॉरमॅट, डीफ्रॅग किंवा चेक डिस्क चालवतात. ही तिन्ही कामे डिस्कला खूप राबवतात. आजारी डिस्क त्यातच दम तोडू शकते. म्हणून आधी हिशेबाची नक्कल घ्यावी, मग बाकीचे.

नक्कल बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. क्रम असा ठेवावा: प्रथम हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, मग बिले व विवरणे, मग नमुन्यांचे व मालाचे फोटो. सिनेमे, गाणी शेवटी. प्रोग्रॅम पुन्हा मिळतात, उधारीची नोंद मिळत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. डिस्कमधून टक्-टक् किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर नक्कलही घेऊ नये. संगणक त्याच क्षणी बंद करावा आणि डिस्क डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. डिस्क घरी उघडू नये. उघडलेल्या तबकडीवर बसलेली धूळही तिला पुरेशी असते.

आता निदान

नक्कल घेतानाच निम्मे निदान होते. निरोगी डिस्क एखादी मोठी फाइल सेकंदाला काही दहा एमबीच्या वेगाने सलग देते. वेग मध्येच शून्यावर येत असेल, पुन्हा चढून पुन्हा पडत असेल, किंवा ठरावीक फाइलपाशीच गाडी अडत असेल, तर शंका घ्यावी. अर्थात बाहेरचा पेन ड्राइव्ह स्वस्तातला असेल तर दोष त्याचाही असू शकतो. दुसरा लावून पाहावा.

त्यानंतर डिस्कचीच साक्ष घ्यावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. निळा रंग ठीक, पिवळा सावधान, लाल धोक्याचा. त्यात तीन ओळी मुख्य पाहाव्यात: रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे संशयित सेक्टर, आणि अनकरेक्टेबल, म्हणजे न सुधारणारे सेक्टर. तिन्हींत शून्य असावे. आकडा दिसला आणि आठवड्यात वाढला, तर डिस्क बदलण्याची वेळ आली.

मात्र शून्य पाहून निर्धास्त होऊ नये. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. पण बंद पडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी स्मार्टमध्ये कोणताच इशारा दिला नव्हता, हेही दिसले.

दोष डिस्कचा नसेल तर

प्रत्येक मंद संगणकाला नवी डिस्क लागत नाही. पुढील गोष्टी आधी तपासून पाहाव्यात, म्हणजे विनाकारण खर्च होणार नाही:

१. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. रॅम वाढवावी.

२. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा मोकळी करावी.

३. स्मार्टमध्ये फक्त सीआरसी एरर वाढत असतील आणि बाकी शून्य असेल तर बहुधा केबल ढिली वा खराब असते. ती थोडक्यात बदलून मिळते.

४. फौंड्री किंवा लेथच्या कारखान्यात लोखंडाची भुकटी पंख्यात साचते, प्रोसेसर तापतो आणि वेग आपोआप उतरतो. संगणक यंत्रांपासून दूर ठेवावा व नियमित साफ करून घ्यावा.

यांपैकी काही नसेल आणि डिस्कच दोषी ठरली, तर एसएसडी बसवावी. त्यात फिरता भाग नसतो, त्यामुळे जुनाही संगणक चपळ होतो. पण एसएसडी पुष्कळदा आवाज न करता, एकदम बंद पडते. म्हणजे नक्कल तेव्हाही हवीच.

नक्कल कोठे ठेवावी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. संगणक दुकानात आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकत्रच बुडतील. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवावी. लावून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोचतो. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

भिजलेली डिस्क चालू करून पाहू नये आणि उन्हातही ठेवू नये. तशीच जाणकाराकडे न्यावी.

यात कायद्याचाही भाग आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजले तर ही जवळपास पावणेसात वर्षे होतात. हिशेब संगणकात असेल तर त्याचा योग्य बॅकअप ठेवावा आणि अपघातात वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळात परत उभ्या करता याव्यात, असे नियम ५७ सांगतो. "डिस्क गेली" हे उत्तर तेथे पुरेसे नाही.

कायद्याचे सोडले तरी उधारीची नोंद ही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची अमानत असते. व्यापारी बंधूंना आमची एवढीच सूचना आहे: आज दुकान बंद करण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढा, एक नक्कल घ्या आणि ती घरी घेऊन जा.