घुबडाचे नाणे

जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्यापैकी पुष्कळांना असतो. जगभरच्या संग्राहकांना प्राचीन ग्रीक रौप्यनाणी विशेष प्रिय आहेत. त्यांपैकी एकाच नाण्याचा आज आपण परिचय करून घेऊ; कारण एक नाणे नीट वाचता आले, म्हणजे संग्रह कशासाठी करावयाचा हेही उमगते.

हे नाणे अथेन्स नगरीचे, चार द्रख्मांचे. वजन सुमारे १७.२ ग्रॅम. एका बाजूस शिरस्त्राण धारण केलेली अथीना देवी. दुसऱ्या बाजूस तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, इवलीशी चंद्रकोर आणि नगरीच्या नावाची पहिली तीन अक्षरे. आपल्याकडे अनेक जण घुबडाला अशुभ मानतात. अथेन्समध्ये मात्र ते ज्ञानदेवतेचे पाखरू होते.

या नाण्यांची चांदी लॉरियनच्या खाणींतली. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे विपुल चांदी लागली. ती नागरिकांत वाटून टाकावी, असा विचार चालला असता थेमिस्टोक्लीसने युद्धनौका बांधण्याचा आग्रह धरला. त्याच आरमाराच्या बळावर इ. स. पू. ४८० मध्ये सालामिस येथे ग्रीकांनी इराणी ताफ्याचा पराभव केला. मात्र त्या खाणींत राबत होते ते गुलाम, हेही आपण विसरता कामा नये.

द्रख्म हा शब्द आपल्यालाही परका नाही. त्याचेच भारतीय रूप 'द्रम्म'. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ते आढळते आणि आपला 'दाम' हा शब्दही त्यातूनच आला.

ही नाणी ठोकून पाडीत. चांदीचा गोळा दोन ठशांमध्ये ठेवून वर घणाचा घाव घालीत. म्हणून कोणतीही दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर पुष्कळदा सांधा दिसतो, पृष्ठावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात. काही अस्सल नाण्यांवर छिन्नीचा खोल व्रण दिसतो; आत हिणकस धातू तर नाही ना, हे पाहण्यासाठी पूर्वीच्या व्यवहारात घातलेला तो घाव होय.

लहानपणी आम्ही देवघरातले एक जुने चांदीचे नाणे चिंच व राख लावून लखलखीत केले. शाबासकीच्या अपेक्षेने ते आजोबांपुढे धरले, तो त्यावरील अक्षरे पुसट झालेली! आजोबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "आता ते बोलायचे नाही." जुने नाणे घासू नये, हा धडा आम्हांस तेव्हा मिळाला.

याहून मोठी हानी लोभाने होते. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ सुमारे १९०० प्राचीन रौप्यनाण्यांचा साठा सापडला. तो चोरून परदेशी नेऊन विकण्यात आला. पुष्कळशी नाणी १९९९ मध्ये स्वदेशी परतली. परंतु तो साठा जमिनीत कसा, कशासोबत पुरला होता, याची साक्ष कायमची बुजली.

म्हणून नाणे कोठून आले हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये. आपल्या शेतात वा परसात जुनी नाणी सापडली, तर ती वाटून न घेता सरकारी अधिकाऱ्यांस कळवावे. कायदाही तेच सांगतो. नाणे हाती नसले तरी संग्रहालयात ते पाहता येते, वहीत त्याचे चित्र काढता येते, त्याचा इतिहास लिहिता येतो. असा संग्रह कोणालाही परवडेल, आणि त्याने कोणाचेच काही हिरावले जाणार नाही.