सपाट पाऊल आणि कंबरेचे भान

प्रश्न : माझे तळवे सपाट आहेत, डोळे मिटून वाकलो, की कंबर किती वाकली ते उमजत नाही. संबंध असेल काय?

उत्तर : असू शकेल, परंतु तेवढ्यावरून पावलांवर फिर्याद गुदरणे उतावीळपणाचे होईल. शरीरस्थितीची वर्दी मेंदूच्या दरबारी स्नायू, कंडरा व सांधे अहोरात्र पोहोचवीत असतात. तळव्याची कमान खचली, की टाच बाहेर कलते, नडगी आत वळते, कटिबंध किंचित पुढे झुकतो, आणि मग कंबरेकडून जाणारी वर्दीच सदोष होण्याचा संभव असतो. चवड्यांवर उभे राहून पाहावे : कमान उमटली तर पाऊल लवचीक आहे, मग बोटे न मुडपता तळवा आखडण्याचा व्यायाम करून पाहावा. पायांत बधिरता असल्यास मात्र डॉक्टरांस दाखविण्यात हयगय नको.