घटक ४ : नाट्यदप्तराचे वाचन – आल्फ्रेड आर्व्होल्ड आणि लिटल कंट्री थिएटर

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• नाट्येतिहासाचे साधन म्हणून व्यक्तिगत कागदपत्रांच्या संग्रहाचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• 'उद्गम' आणि 'मूळ क्रम' या संकल्पना सांगता येतील.
• संस्थापकाने लिहिलेला ग्रंथ आणि त्याचे दप्तर यांतील फरक सोदाहरण मांडता येईल.
• आपल्या परिसरातील नाट्यविषयक कागदपत्रांची प्राथमिक नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग यांतील भेद पाहिला. संहिता छापली जाते व टिकते. प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. मग प्रयोगाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाने आधार कशाचा घ्यावा? प्रयोगाभोवती जमलेल्या कागदांचा, हे या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. पत्रव्यवहार, कार्यक्रमपत्रिका, जमाखर्च, छायाचित्रे, नटाने खुणा केलेली संहितेची प्रत या सर्वांतून प्रयोगाची पुसट झालेली आकृती पुन्हा जुळवता येते.

मराठी वाचकाला 'दप्तर' आणि 'रुमाल' हे शब्द परिचित आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. घटनेनंतर रचलेली बखर आणि व्यवहाराच्या ओघात लिहिले गेलेले अस्सल पत्र यांत भेद केला पाहिजे, हा विचार त्यामुळे आपल्याकडे रुजला. राजकीय इतिहासासाठी रुजलेला हा विचार नाट्येतिहासालाही तितकाच लागू पडतो. तो पडताळून पाहण्यासाठी या घटकात अमेरिकेतील एका प्राध्यापकाचे उदाहरण घेतले आहे. उदाहरण दूरचे असले, तरी गावातील नाटक कोणाचे मानायचे आणि त्याचा इतिहास कोणाच्या शब्दांत लिहायचा, हा त्यातील प्रश्न आपल्याही जवळचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दप्तराचा कर्ता

आल्फ्रेड आर्व्होल्ड (१८८२–१९५७) हे १९०७ मध्ये फार्गो या शहरातील नॉर्थ डकोटा कृषी महाविद्यालयात रुजू झाले. वक्तृत्व आणि नाट्य हे त्यांचे अध्यापनाचे विषय होते. कृषी महाविद्यालयात नाट्याचा प्राध्यापक कसा, असा प्रश्न येथे पडेल. १८६२ च्या कायद्यान्वये अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. ज्ञान वर्गाबाहेर, शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे हे या महाविद्यालयांचे कार्य मानले जाऊ लागले. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला. खेड्यातील एकाकीपणा, तरुणांचे शहरांकडे जाणे आणि सामाजिक जीवनाची उणीव यांची चर्चा त्या काळात सर्वत्र होत होती.

या पार्श्वभूमीवर आर्व्होल्ड यांनी महाविद्यालयाच्या प्रशासकीय इमारतीतील एका जुन्या, कळकट प्रार्थनागृहाचे नाट्यगृहात रूपांतर केले. फेब्रुवारी १९१४ मध्ये ते सुरू झाले आणि 'लिटल कंट्री थिएटर' या नावाने ओळखले जाऊ लागले. आसने सुमारे २००, रंगमंच लहान आणि सजावट साधी. हा साधेपणा हेतुपूर्वक राखलेला होता. कोणत्याही गावाने आपल्या शाळेत, सभागृहात किंवा चर्चच्या तळघरात असा रंगमंच उभारावा, यासाठी तो एक नमुना होता. त्याच वर्षी मे महिन्यात कृषिविस्तार सेवेचा केंद्रीय कायदा झाला. बियाण्यांची आणि पशुपालनाची माहिती ज्या वाटेने खेड्यात जाऊ लागली होती, त्याच वाटेने आर्व्होल्ड यांना नाटक न्यायचे होते.

या कार्याचा कणा टपाल हा होता. गावकऱ्यांनी मागणी करावी आणि महाविद्यालयाने एकांकिका, भाषणे, वादविवादाचे विषय, उत्सवांच्या योजना अशा साहित्याचे पुडके पाठवावे, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे या रंगभूमीचा मोठा भाग मुळातच पत्रांतून घडला. तिच्या अभ्यासात कागदांना मध्यवर्ती स्थान मिळते, ते यामुळेच.

हे महाविद्यालय १९६० मध्ये नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठ झाले. आर्व्होल्ड यांची कागदपत्रे याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केली आहेत.

४.२.२ उद्गम आणि मूळ क्रम

ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात. अभिलेखागारात कागदांची मांडणी विषयावरून होत नाही. एका व्यक्तीचे वा संस्थेचे कागद एकत्रच ठेवावेत, दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत, हे उद्गमाचे तत्त्व होय. १८४१ मध्ये फ्रान्समधील एका शासकीय परिपत्रकाने ते स्पष्टपणे मांडले. कर्त्याने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम शक्यतो मोडू नये, हे त्याला जोडून येणारे दुसरे तत्त्व.

या तत्त्वांना अर्थाच्या दृष्टीने महत्त्व आहे. एखादी कार्यक्रमपत्रिका सुटी सापडली, तर ती फक्त एका प्रयोगाची तारीख सांगते. तीच पत्रिका एखाद्या गावाहून आलेल्या पत्राला टाचलेली असेल, तर त्या गावाने काय मागितले, काय मिळाले आणि प्रत्यक्षात काय सादर केले, ही सर्व साखळी दिसते. भाषेच्या अभ्यासात आपण म्हणतो की शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो. कागदाचा अर्थही त्याच्या शेजारच्या कागदामुळे ठरतो. नीटनेटकेपणाच्या हौसेने जो टाचणी काढून कागद वेगळे करतो, तो हे वाक्यच मोडतो.

४.२.३ प्रत्येक कागदाला विचारावयाचे प्रश्न

नाट्यदप्तरातील कोणताही कागद हाती आला, की पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) हा कागद कोणी केला? आर्व्होल्ड यांचे भाषण आणि गावातील शिक्षिकेचे पत्र यांचे मोल सारखे असू शकते, परंतु दोघांची जागा सारखी नाही.
(२) तो कोणासाठी केला? वरिष्ठांना सादर केलेल्या अहवालात यश ठळक होते. मदत मागणाऱ्या पत्रात अडचण ठळक होते.
(३) तो केव्हा केला? प्रयोगापूर्वीच्या कागदात योजना असते आणि प्रयोगानंतरच्या कागदात आठवण. छापील कार्यक्रमपत्रिका ही योजनाच होय. ऐनवेळी नट आजारी पडला, तर त्याची नोंद तीत नसते.
(४) तो का टिकला? कौतुकाची पत्रे जपली जातात. न पोचलेले पुडके, न झालेला प्रयोग, न आवडलेले नाटक यांचे कागद क्वचितच जपले जातात.

यांना आपण आणखी एक प्रश्न जोडू : या कागदात 'आम्ही' म्हणजे कोण? महाविद्यालयाच्या अहवालात 'आम्ही नाटक दिले' अशी रचना येईल. गावाच्या पत्रात 'आम्ही नाटक केले' अशी येईल. घटना एकच, पण कर्ता बदलला की इतिहासाचा नायक बदलतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा / एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) लिटल कंट्री थिएटर कोणत्या वर्षी सुरू झाले? (१८९८ / १९१४ / १९६०)
(आ) उद्गमाचे तत्त्व म्हणजे काय?
(इ) छापील कार्यक्रमपत्रिकेला 'योजना' का म्हटले आहे?

४.२.४ ग्रंथ आणि दप्तर

आर्व्होल्ड यांनी आपल्या कार्याची कथा स्वतःच सांगितली. 'द लिटल कंट्री थिएटर' हा त्यांचा ग्रंथ १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातील सामाजिक जीवन साचलेले आहे आणि नाटक त्याला गती देईल, असे सूत्र आहे. ग्रंथ उत्साहाने भरलेला आहे व आजही वाचनीय आहे. तरीही तो संस्थापकाने आपल्या संस्थेविषयी लिहिलेला ग्रंथ आहे, हे विसरून चालत नाही. आपल्या परिभाषेत बोलायचे तर तो बखरीच्या जवळ जातो आणि त्याचे दप्तर अस्सल पत्रांच्या बाजूला राहते.

परंतु हा भेद यांत्रिकपणे वापरू नये. या ग्रंथात एका प्रयोगाचे वर्णन आहे. शेतावरच्या एका मोठ्या गोठ्याच्या माळ्यावर, जेथे गवत साठवतात तेथे, तरुण मंडळींनी नाटक केले. रंगमंच फळ्यांचा होता. पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रावर घालायचे, पावसाने धुवून निघालेले जुने कापड पडदा झाले. कुंपणाच्या तारेला टांगलेले १० कंदील हीच प्रकाशयोजना. पार्श्वभूमीला झाडांच्या फांद्या, प्रेक्षकांना बसायला खोक्यांवर टाकलेल्या फळ्या आणि संगीतासाठी ग्रामोफोन. प्रेक्षक सुमारे १५०.

हे वर्णन काळजीपूर्वक वाचा. ग्रंथाचे सूत्र 'खेडे साचलेले आहे' असे आहे आणि त्याच ग्रंथातील हा तपशील काय सांगतो? ज्यांनी कापणीच्या यंत्राचे कापड पडदा म्हणून पाहिले, त्यांची कल्पकता कोणत्याही पुडक्यातून आलेली नव्हती. लेखकाचे विधान एका दिशेला जाते आणि त्याने प्रामाणिकपणे टिपलेला तपशील दुसऱ्या दिशेला. साधनाचे अंतरंग परीक्षण करताना असा विसंवाद हेरणे हे अभ्यासकाचे मुख्य काम असते. त्यामुळे लेखक खोटा ठरत नाही, उलट त्याच्या ग्रंथाचे मोल वाढते.

ग्रंथाबाहेरचा इतिहासही याला पुष्टी देतो. १९१५ मध्ये याच राज्यातील शेतकऱ्यांनी धान्यबाजार, रेल्वे आणि बँका यांच्या वर्चस्वाविरुद्ध 'नॉनपार्टिझन लीग' ही संघटना उभारली. १९१६ च्या निवडणुकीत तिच्या पाठिंब्याने एक शेतकरी राज्यपालपदावर निवडून आला. ज्या समाजाला साचलेला म्हटले जात होते, तो त्याच वर्षांत राज्याचे राजकारण ढवळून काढत होता. एका दप्तराची साक्ष दुसऱ्या दप्तराशी ताडून पाहिल्याशिवाय असे चित्र पूर्ण होत नाही.

४.२.५ दप्तरातील मौन

प्रत्येक दप्तरात काही आवाज ऐकू येत नाहीत. नॉर्थ डकोटाच्या खेड्यांत नॉर्वेजियन, जर्मन, आइसलँडिक अशा अनेक भाषा बोलणारी स्थलांतरितांची कुटुंबे होती. आइसलँडिक वंशाच्या तरुणांनी आपल्या पूर्वजांच्या देशातील शेतकरी घराचे दृश्य लिटल कंट्री थिएटरात सादर केल्याची नोंद आर्व्होल्ड यांच्या ग्रंथात आहे. ही नोंद इंग्रजीत आहे. घरातील त्या दृश्याला घरची भाषा कितपत लाभली, हे विचारल्याशिवाय भाषेच्या अभ्यासकाने पुढे जाऊ नये. त्याचप्रमाणे या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या डकोटा, मँडन, हिदात्सा, ओजिब्वे या जमातींची स्वतःची सादरीकरणाची परंपरा होती. 'कंट्री' या शब्दात त्यांना स्थान होते का, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

या शब्दाकडेच थोडे पाहू. मराठीत 'कंट्री' या विशेषणासाठी आपल्याजवळ निदान तीन शब्द आहेत : 'ग्रामीण', 'खेडवळ' आणि 'गावाकडचे'. पहिला शब्द शासकीय व अभ्यासकी वळणाचा, दुसरा कमीपणा दाखवणारा, तिसरा आपुलकीचा. इंग्रजीत या तिन्ही छटा एकाच शब्दात नांदतात. म्हणून आर्व्होल्ड यांनी तो शब्द नाट्यगृहाच्या नावातच मिरवला, याला अर्थ आहे. जो शब्द हिणवण्यासाठीही वापरला जाई, तो त्यांनी मानाचा केला. अनुवादकाने आणि इतिहासकाराने यांपैकी कोणता मराठी शब्द निवडला, यावरून त्याचीही दृष्टी कळते.

मौन ओळखणे म्हणजे कर्त्यावर आरोप करणे नव्हे. कागद जपण्यासाठी कपाट लागते, सवड लागते आणि आपले कागद जपण्याजोगे आहेत असा विश्वास लागतो. महाविद्यालयातील प्राध्यापकाजवळ ही तिन्ही होती. माळ्यावर नाटक करणाऱ्यांजवळ ती असतीलच असे नाही. म्हणून दप्तरात प्राध्यापकाचा आवाज मोठा ऐकू येतो. याचा अर्थ रंगभूमीवरही तोच मोठा होता असा होत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) चूक की बरोबर ते सांगा : दप्तरात ज्याचे कागद अधिक, त्याचे रंगभूमीवरील कार्यही अधिकच असते.
(आ) माळ्यावरील प्रयोगाचा तपशील ग्रंथाच्या सूत्राशी कसा विसंगत आहे?

४.३ सारांश

नाट्यप्रयोग क्षणभंगुर असल्यामुळे त्याचा इतिहास कागदांच्या आधाराने लिहावा लागतो. आर्व्होल्ड यांचे दप्तर ग्रामीण रंगभूमीच्या अभ्यासाचे मोलाचे साधन आहे, कारण त्यांचे कार्यच पत्रव्यवहारातून वाढले. मात्र दप्तर हे संस्थापकाच्या जागेवरून दिसणारे दृश्य असते. कर्ता, वाचक, काळ, टिकण्याचे कारण आणि 'आम्ही'चा अर्थ हे प्रश्न विचारल्यावरच त्यातून गावाचा आवाज ऐकू येऊ लागतो.

४.४ पारिभाषिक शब्द

अभिलेखागार : मूळ कागदपत्रे जतन करण्याचे व अभ्यासकांना उपलब्ध करून देण्याचे स्थान.
उद्गम : कागद ज्या व्यक्तीकडून वा संस्थेकडून आला ते मूळ स्थान.
मूळ क्रम : कर्त्याने लावलेला कागदांचा क्रम.
अंतरंग परीक्षण : साधनातील मजकुराची, हेतूची व विसंगतींची चिकित्सा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १९१४. (आ) एका व्यक्तीचे वा संस्थेचे कागद एकत्र ठेवून दुसऱ्यांच्या कागदांत न मिसळणे. (इ) ती प्रयोगापूर्वी छापली जाते व ऐनवेळचे बदल तीत नसतात.
प्रश्न २ : (अ) चूक. (आ) ग्रंथ खेड्याला साचलेले म्हणतो, पण तपशिलातून गावकऱ्यांची स्वतंत्र कल्पकता दिसते.

४.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

(१) 'संस्थापकाचा ग्रंथ आणि संस्थापकाचे दप्तर' यांतील फरक सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा.
(२) 'दप्तरातील मौन' या संकल्पनेवर टीप लिहा.
(३) क्षेत्रीय कार्य : आपल्या गावात वा तालुक्यात जत्रेला, उत्सवाला किंवा सुगीनंतर होणाऱ्या नाटकांची माहिती जमवा. झाडीपट्टीतील विद्यार्थ्यांना दिवाळीनंतरच्या नाट्यहंगामात, तसेच देसाईगंज (वडसा) येथील नाट्यमंडळांकडे भरपूर साहित्य मिळेल. सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांनी दशावताराचा विचार करावा. जाहिरातीचे पत्रक, वर्गणीची वही, हाताने उतरवलेली संहिता, छायाचित्र यांपैकी किमान तीन कागद पाहा. कागद मालकाकडून काढून घेऊ नका, वेगळे करू नका, त्यांवर खुणा करू नका. ते कोठे व कोणत्या कागदांसोबत ठेवले होते हे लिहून घ्या आणि परवानगी घेऊन छायाचित्र काढा. प्रत्येक कागदाला ४.२.३ मधील प्रश्न विचारा. कागद मुळीच सापडला नाही, तर वयोवृद्ध कलावंताची मुलाखत घेऊन तारीख, स्थळ व सांगणाऱ्याच्या संमतीसह ती लिहून काढा. त्या नाटकाचे पहिले दप्तर कदाचित आपल्याच हातून तयार होईल.