परराज्यातली गाडी स्वस्त का असते

सेकंड हँड गाडी बघायला गेलेला माणूस टायर दाबून बघतो, बॉनेट उघडतो, मीटर खरा आहे का याची शंका काढतो, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. रस्ता कराचा विषय निघतो तो बयाणा दिल्यानंतर, तोही एजंटच्या तोंडून, ‘तेवढं आरटीओचं बघावं लागेल’ अशा मोघम शब्दांत. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा हवा. वापरलेल्या गाडीची किंमत मालकाने सांगितलेल्या आकड्यावर ठरत नाही. ती गाडी आपल्या राज्यात, आपल्या नावावर, कायद्याने चालवायला एकूण किती लागणार हे कळेपर्यंत किंमत ठरलेलीच नसते. विशेषतः गाडीवर एमएचखेरीज दुसऱ्या अक्षरांची पाटी असेल तर हा हिशेब आधी न करणारा गिऱ्हाईक अर्धाच भाव ऐकून पैसे मोजत असतो.

याचं मूळ राज्यघटनेत आहे. वाहनांवरचा कर हा सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीचा, 57व्या नोंदीचा विषय. नोंदणीचा कायदा देशभर एकच, 1988चा मोटार वाहन कायदा. कर मात्र ज्याच्या त्याच्या राज्याचा. महाराष्ट्रात तो 1958च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो आणि खासगी मोटारीला नवी असतानाच एकरकमी भरावा लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 टक्के, त्यापुढे 13 टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर 13, 14 आणि 15 टक्के. हा एकरकमी कर गाडीसोबत फिरतो. पुण्यातल्या माणसाने नाशिकची गाडी घेतली तर त्याला कर पुन्हा भरावा लागत नाही, फक्त हस्तांतराचं शुल्क पडतं. गाडी राज्याची हद्द ओलांडून कायमची आली की मात्र हे संरक्षण संपतं. दिल्लीत, हरियाणात किंवा गोव्यात भरलेला कर तिथल्या तिजोरीत गेलेला असतो, त्याचा महाराष्ट्राला उपयोग नाही. इथे नवा नंबर घेताना कर नव्याने बसतो, आणि तो बसतो गाडीच्या मूळ किमतीच्या आधाराने. वयाप्रमाणे आकडा उतरतो हे खरं, पण आपण गाडी किती स्वस्तात मिळवली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नवी असताना 12 लाखांची असलेली पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात पहिल्या दिवशी तिला 1 लाख 44 हजार कर पडला असता. ती चार वर्षांची झाली म्हणून त्यात घट मिळाली तरी उरलेला आकडा परराज्यातल्या सौद्यात वाचलेले पैसे गिळायला पुरेसा ठरू शकतो. त्यावर गाडी आणण्याचा खर्च, एनओसीच्या (ना-हरकत प्रमाणपत्राच्या) फेऱ्या आणि गाडी आरटीओत तपासणीला उभी करणं आहेच.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आणि रास्त वाटणारा: एकदा पूर्ण आयुष्याचा कर भरला असताना दुसऱ्यांदा का? एकाच देशात दोन कर, हा अन्याय नाही का? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. एका राज्याचा हक्क दुसऱ्या राज्यात चालत नाही हे घटनेचं गणित आहे, त्यामुळे नव्या राज्याची मागणी बेकायदा ठरत नाही. अन्याय होतो तो परताव्याच्या बाजूने. गाडी कायमची बाहेर गेली की उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात कर परत देण्याची सोय महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आहे, पण तो आपोआप खात्यात येत नाही. अर्ज करावा लागतो, कराची मूळ पावती, एनओसीची प्रत आणि नव्या राज्यात नोंदणी झाल्याचा व कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. मूळ मालकाला पैसे मिळून गेलेले असतात, त्याला या कामात रस उरत नाही. नव्या मालकाकडे पावती नसते. म्हणून परतावा हा सौद्याचा भाग म्हणूनच बोलायला हवा. परताव्याच्या अर्जावर सही, मूळ पावती आणि मिळालेली रक्कम कुणाची हे व्यवहाराच्या कागदावरच लिहून घ्यावं. तेवढं जमणार नसेल तर परतावा मिळणारच नाही असं धरून भाव करावा.

दुसरा आक्षेप हुशारीचा असतो. कायद्यात 12 महिने मिळतात, मग घाई कसली? मोटार वाहन कायद्याचं 47वं कलम सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा. ही मुभा प्रामुख्याने आपली गाडी घेऊन बदलीवर गेलेल्या माणसाच्या कामाची आहे. गाडी विकत घेणाऱ्यावर 50वं कलम लागू होतं आणि तिथे घड्याळ वेगळं चालतं. विकणाऱ्याने हस्तांतर कळवायचं ते राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, राज्याबाहेर असेल तर 45 दिवसांत. घेणाऱ्याने 30 दिवसांत. शिवाय नोंदणी आणि कर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किती दिवसांनी कर मागायचा यावर राज्यं आपापले नियम करू पाहतात. बंगळुरूत परराज्यातल्या गाड्यांवरचा हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो वकिलांनी लढवावा. आठवड्यातून दोनदा पोलिसाला आरसी दाखवत ‘अजून वर्ष झालं नाही’ म्हणत फिरणाऱ्याला त्यातून स्वस्ताई मिळत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत धोक्याचा आणि सर्वांत रुळलेला: नावावरच करायची नाही. एजंटच्या टेबलावर हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30चा संच असतो. विकणाऱ्याच्या ठिकाणी सही, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, सोबत आधारची एक सही केलेली झेरॉक्स. हा संच गाडीबरोबर एका दलालाकडून दुसऱ्याकडे जातो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला सांगतात, ‘सही आहे ना, कधीही करून घ्या.’ फॉर्म कोरा असेपर्यंत कर टळतो, हे खरं. पण त्या काळात कायद्याच्या नजरेत मालक जुनाच असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे निःसंदिग्ध केलं. गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या माणसावरच ठेवली गेली. कोरा फॉर्म देऊन मोकळा झालो असं समजणाऱ्या विकणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. घेणाऱ्याचंही नुकसान कमी नाही. विक्रीनंतर तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय जात नाही. गाडी चोरीला गेली तर पैसे मोजणारा आणि दावा करू शकणारा हे दोन वेगळे लोक निघतात. कर वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेणं मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

स्वस्त गाड्यांच्या जाहिराती दिल्लीच्याच का असतात, याचं उत्तरही याच विषयात दडलेलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 10 वर्षांपुढच्या डिझेल आणि 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. नंतरच्या काळात या मनाईच्या अंमलबजावणीवर बरेच वाद झाले, पण तेवढ्यात नऊ-दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा तिथला भाव कोसळला आणि त्या गाड्या देशभर निघाल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणली की मूळ नोंदणीची जेमतेम पाच वर्षं शिल्लक असतात. 15 वर्षांनंतर पुनर्नोंदणी करायची, त्यासोबत पर्यावरण करही भरायचा. म्हणजे इथला कर पाच वर्षांच्या वापरावर वाटून बघावा लागतो. दमण आणि पुद्दुचेरीच्या पाट्यांच्या महागड्या गाड्यांचंही तेच. तिथे कर कमी होता म्हणूनच त्या तिथे नोंदल्या गेल्या, आणि ती तफावत शेवटच्या खरेदीदाराच्या वाट्याला येते. 2021 मध्ये आलेल्या बीएच मालिकेच्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात दिसू लागल्या आहेत, त्यांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांचा कर एकरकमी नसून दोन-दोन वर्षांचा असतो. केंद्र व राज्य सरकारांचे, संरक्षण दलांचे किंवा चार व अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी या मालिकेला पात्र. तसा नसलेला माणूस ती गाडी घेतो तेव्हा राज्याचा कर त्याच्यासमोर उभा राहतो. गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची असेल तर महाराष्ट्रात दर व्यक्तीपेक्षा चढा आहे, हेही आधी विचारून घ्यावं.

एजंट सगळं बघेल, या भरवशाला पूर्वी थोडा अर्थ होता. आता गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन अ‍ॅपवर नोंदणी, तंदुरुस्ती, विमा, कर्जाचा बोजा आणि कर कधीपर्यंत भरला आहे हे कुणालाही दिसतं. कराच्या रकान्यात एलटीटी असेल तर एकरकमी कर भरलेला आहे; तिथे तारीख असेल तर तो कर संपणारा आहे आणि ती तारीख उलटून गेली असेल तर थकबाकी आहे. थकबाकी मिटल्याशिवाय आरटीओ नाव बदलत नाही, म्हणजे ती विकणाऱ्याची असली तरी खोळंबा घेणाऱ्याचाच. ई-चलनांचंही तसंच. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात आणि ती बयाण्याच्या आधीची असायला हवीत.

परराज्यातली गाडी मनात भरलीच असेल तर मूळ आरटीओकडून फॉर्म 28ची एनओसी आपल्या जिल्ह्याच्या आरटीओच्या नावाने निघाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बँकेचं कर्ज होतं तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र त्याच वेळी हातात हवं. गाडीचं मूळ बिल मागून घ्यावं, कारण इथला कर त्या बिलाच्या आकड्यावरून निघतो. ते बिल घेऊन आधी आपल्या आरटीओत भरावी लागणारी रक्कम विचारावी आणि मगच विकणाऱ्याशी भावाचं बोलावं. पैशांचा एक हिस्सा नाव चढेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालता येते. प्रामाणिक मालक ती मान्य करतो. गाडी दुकानदाराकडून घेत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो अधिकृत असल्याचं प्रमाणपत्र बघावं आणि मूळ मालकाने त्याच्याकडे गाडी दिल्याची फॉर्म 29सी मधली नोंद मागावी. ती नोंद असली की गाडी दुकानात उभी असतानाच्या काळाची जबाबदारी कुणाची हे कागदावर येतं. ज्यांच्याकडे परराज्याच्या पाटीची गाडी आधीच आहे त्यांनीही मूळ मालकाचा फोन लागतो आहे तोवर एनओसी आणि पावती मिळवावी. तो माणूस शहर बदलून गेला किंवा वारला, तर कर भरायची तयारी असूनही गाडी नावावर करणं फार अवघड होऊन बसतं.