शेततळ्यातील माशांचे पोषण
वसतिगृहाच्या पंगतीत ज्वारीच्या भाकरीसोबत आमटी वाढली जाते, त्यामागे शास्त्र आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळीत मेथिओनिन कमी. एकत्र आल्यावर दोन्ही परस्परांची उणीव भरून काढतात. हाच नियम शेततळ्यातील माशांनाही लागू आहे.

माशांना दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात. त्यांपैकी एक जरी उणे पडले, तरी वाढ खुंटते. उरलेल्या आम्लांचे मांस होत नाही. त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. खाद्याचा खर्च वाया जातो आणि पाणीही बिघडते. खानापूर तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात हे नुकसान दुहेरी होय.

सायप्रिनस माशाला आहारातील प्रथिनांच्या सुमारे ५.७ टक्के लायसिन लागते. शेंगदाणा पेंडीत ते अपुरे असते. सोयाबीन पेंड ती तूट भरून काढते. पण तिच्यात मेथिओनिन तोकडे पडते, ते तिळाच्या पेंडीत अधिक असते. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळातील नैसर्गिक खाद्य मिळत नाही. म्हणून तेथे हा मेळ अधिकच काटेकोरपणे साधावा लागतो. खाद्य निवडताना प्रथिने किती, एवढेच न पाहता ती कशाची, हेही पाहावे.