मोटारीच्या खोलीजवळ डिटेक्टर का किरकिरतो?

प्रश्न : शेतात गाडलेली जुनी लोखंडी पाइपलाइन शोधायला मेटल डिटेक्टर आणला. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ गेलं, की खाली काही नसतानाही तो सारखा किरकिरतो. यंत्र सदोष आहे का?
– एक शेतकरी, तासगाव

उत्तर : बहुधा नाही. डिटेक्टरची एक कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्यामुळे पाइपात क्षीण विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल टिपते. तो इतका अल्प असतो, की यंत्राला तो खूप मोठा करून ऐकवावा लागतो. त्याबरोबर आसपासच्या विजेचा गोंगाटही मोठा होतो. बरेचसे साधे डिटेक्टर 5 ते 20 किलोहर्ट्झवर चालतात. मोटार सौर पंपाची असेल, तर तिच्या कंट्रोलरमधल्या व्हीएफडीचं (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) स्विचिंगही साधारण याच पट्ट्यात येतं.

आधी आवाज कुठून येतो ते ओळखा. कॉइल कमरेइतकी उचलून स्थिर धरा. तरीही किरकिर चालू राहिली, तर ती विजेची. ठरावीक अंतराने एकेक टिक ऐकू आली, तर संशय कुंपणाच्या झटका मशीनवर. उचलल्यावर शांत आणि जमिनीवर फिरवताना पुन्हा आवाज, असं असेल तर प्रश्न मातीचा. आपल्या बेसाल्टी जमिनीत मॅग्नेटाइट असतं. त्यासाठी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे मातीच्या संकेताकडे दुर्लक्ष करायला यंत्र जुळवून घ्यावं लागतं.

विजेच्या त्रासावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेतीची लाइट नसते त्या वेळात शोध घेणं. सौर पंपाचा कंट्रोलर आणि झटका मशीन तेवढ्यापुरतं बंद ठेवा. खिशातला मोबाइलही लांब ठेवा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळा. यंत्रात फ्रिक्वेन्सी बदलायची सोय असेल, तर त्याच जागी उभं राहून ती बदलून पाहा.

एवढ्यानेही भागलं नाही, तर आवाज थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. यंत्र किती खोलवरचं शोधतं ते थोडं कमी होईल, पण पाइप ही मोठी वस्तू आहे. बारीक नाण्यासारखी ती सहज निसटत नाही. मोड मात्र ‘ऑल मेटल’ हवा, नाहीतर यंत्र लोखंडच गाळून टाकेल.

खणण्याआधी मेन स्विच बंद करायला विसरू नका. पाइपाच्याच चरातून मोटारीची केबल गेलेली असू शकते आणि डिटेक्टरला केबलही धातूच वाटते.