भिंतीवरची पाटी

ही एका वाडीची गोष्ट आहे. वाडी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली. खाली पऱ्या, वर सडा, मधे पंचवीस-तीस घरं. तरणी माणसं बहुतेक मुंबईला. घरी म्हातारेकोतारे, बायका आणि पोरं. रात्री जेवणं आटोपली की एका घराच्या पडवीत साक्षरतेचा वर्ग भरतो.

भातकापणीचे दिवस होते. आबा घरामागचा ढासळलेला गडगा रचत होते. एका चिऱ्याखाली फुरसं होतं. ते उजव्या हाताला चावलं.

सगळे धावले. एकानं दंडाला सुंभ करकचून बांधलं. दुसरा म्हणाला, "पलीकडच्या वाडीत मंत्र घालणारा आहे." तिथं दीड तास गेला. मग रिक्षा मिळाली. आरोग्य केंद्रात पोचले, तर तिथं सांगितलं, "सर्पदंशाची लस संपली आहे. मोठ्या दवाखान्यात न्या." तिथं पोचेपर्यंत आबांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

आबा वाचले. पण एक बोट गेलं. भात दुसऱ्यांनी कापलं.

आबा घरी आल्यावर पुन्हा वर्ग भरला. त्या रात्री कोणाचं लक्ष पुस्तकात नव्हतं. काकी म्हणाल्या, "लस नाही हे आपल्याला आधी कळलं असतं, तर आपण सरळ मोठ्या दवाखान्यात गेलो असतो."

वर्गाच्या बाईंनी विचारलं, "काकी, लस आहे की नाही, हे आपण कधी कोणाला विचारलं होतं का?"

सगळे गप्प बसले. मग वहिनी हळूच म्हणाली, "बाई, केंद्राच्या भिंतीवर एक मोठी पाटी आहे. पोराला घेऊन मी कितीदा तिच्याखाली बसले. पण ती वाचली नाही. तेव्हा वाचता येत नव्हतं."

"आता येतं ना गो?" काकी म्हणाल्या.

"आता येतं."

पाटीवर काय होतं?

दुसऱ्या दिवशी तिघीजणी केंद्रावर गेल्या. बोट ठेवून त्यांनी पाटी वाचली. वहीत उतरवून घेतली. रात्री सगळ्यांना वाचून दाखवली.

पाटीवर केंद्राचं नाव होतं. त्याच्या वर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं लिहिलेलं होतं. २०२३ साली सरकारनं हे नवं नाव दिलं. दवाखाना तोच आहे. घोटाळ्यात पडू नका.

खाली कोणत्या सेवा मिळतात, ते लिहिलं होतं. बाळंतपण, लसीकरण, तपासण्या, औषधं. या सगळ्याला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. गरोदर बाईला तर २०११ सालापासून बाळंतपण, औषधं, दवाखान्यातलं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत मिळते.

त्याखाली डॉक्टरांचं नाव आणि तक्रार कोणाकडे करायची ते होतं. केंद्राच्या समितीत गावची कोण माणसं आहेत, तेही होतं. त्यांतले एक याच गावचे निघाले. ते समितीत आहेत, हे वाडीत कोणालाच माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट पाटीवर नव्हती. आज कोणतं औषध शिल्लक आहे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

विचारायचं कसं?

बाई म्हणाल्या, "भांडायला जायचं नाही. लिहून विचारायचं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं."

मग सगळ्यांनी मिळून हा अर्ज लिहिला:

*मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, यांस नमस्कार.*

*आमच्या वाडीतल्या एका माणसाला भातकापणीत फुरसं चावलं. त्या दिवशी केंद्रात सर्पदंशाची लस शिल्लक नव्हती. त्यामुळे उपचाराला उशीर झाला. पुन्हा असे होऊ नये म्हणून आम्हांला पुढील माहिती लेखी द्यावी.*

*१. सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत?*
*२. लस संपण्याआधी किती दिवस मागणी करतात?*
*३. रात्री केंद्रात कोण असते?*
*४. औषधांचा साठा रोज फळ्यावर लिहिता येईल काय?*

*आपले नम्र, वाडीतील रहिवासी.*

खाली सह्या झाल्या. सतरा सह्या आणि दोन अंगठे. अंगठे दोनच, हे पाहून बाईंना बरं वाटलं.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक केंद्रात दिली. दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. याला 'पोच' म्हणतात. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, "मागणी मी करतोच. पण गावानं लेखी विचारलं की मलाही वरच्या कचेरीत सांगायला आधार मिळतो." थोड्या दिवसांनी दाराजवळ एक फळा लागला. त्यावर खडूनं रोज लिहू लागले: सर्पदंशाची लस, विंचूदंशाच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची लस. पुढं आकडा.

उत्तर मिळालं नाही तर?

सगळीकडे असं लगेच होईल असं नाही. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट गावातलीच. २००५ साली देशात ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून गावोगाव आशाताई आल्या. साधारण हजार वस्तीला एक. त्यातूनच गावाची आरोग्य समिती आली. तिच्यात आशाताई, अंगणवाडीताई आणि पंचायतीची माणसं असतात. समितीला गावाच्या आरोग्यासाठी थोडा निधी मिळतो. तो कशावर खर्च झाला, हे विचारायचा तुम्हांला हक्क आहे.

दुसरी वाट ग्रामसभेची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुधा ग्रामसभा असते. तिथं दवाखान्याचा विषय काढा. ग्रामसेवकांना तो वहीत लिहायला सांगा.

तिसरी वाट माहितीच्या अधिकाराची. हा कायदाही २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज लिहायचा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत.

इतर गावांनी काय केलं?

२००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत एक काम सुरू झालं. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. गावकऱ्यांनीच आपल्या दवाखान्याची पाहणी करायची. नर्सबाई गावात येते का? औषध मिळतं का? कोणी पैसे मागतं का? सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर तांबडा. असं गावाचं प्रगतिपुस्तक तयार व्हायचं. शाळेत पोरांना मिळतं ना, तसंच. मग जनसुनवाई भरायची. गावकरी बोलत आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावं लागे.

आपला जिल्हा त्या पहिल्या पाचांत नव्हता. पण अशी पाहणी करायला कोणाची परवानगी लागत नाही. तीन रंगांचे खडू आणि एक वही पुरते.

लिहून ठेवल्यानं जीव वाचतात

आपल्या जिल्ह्याला लागून महाड तालुका आहे. तिथं बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर आले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावून पुष्कळ माणसं दगावत. लहान मुलं फार जात. काय करावं, ते डॉक्टरांच्या पुस्तकांतही नीट लिहिलेलं नव्हतं.

बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी चालली, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. त्या टिपणांतून कळलं की विष हृदयावर घाला घालतं. पुढं त्यांनी दाखवून दिलं की प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो. त्यांचे लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ते डॉक्टर होते. आपण नाही. पण कधी चावलं, कधी निघालो, कुठं किती वेळ गेला, एवढं आपणही लिहू शकतो. पुढच्या डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. गावालाही होतो.

साप चावला तर

आवळून बांधू नका. चिरू नका. चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या काढा. माणसाला आडवं ठेवा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसा बांधून स्थिर ठेवा. चालवू नका. रस्ता नसेल तर डोलीतून न्या. वेळ लिहून ठेवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

निघण्याआधी केंद्रावर फोन करा आणि लस आहे का ते विचारा. नसेल तर वेळ न घालवता मोठं रुग्णालय गाठा. चिपळूण तालुक्यात कामथे, खेड तालुक्यात कळंबणी आणि दापोली इथं उपजिल्हा रुग्णालयं आहेत. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे.

हे आकडे भिंतीवर लिहा

१०८ – तातडीची रुग्णवाहिका. महाराष्ट्रात २०१४ पासून.
१०२ – गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी गाडी.
१०४ – आरोग्याचा सल्ला.
१४५६७ – म्हाताऱ्या माणसांसाठी मदत.
१०९८ – मुलांसाठी मदत.

आपल्या वाडीत एखादी आजी एकटी राहत असेल. मुलगा मुंबईला, महिनोन्महिने येणं नाही. तिला वाचता येत नसेल तर हे आकडे तिच्या चुलीजवळच्या भिंतीवर तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आधार नसलेल्यांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कचेरीत द्यायचा असतो. तुम्ही तिच्याबरोबर जा. अर्ज वाचून दाखवा. पोच तिच्या ट्रंकेत ठेवा.

फळ्यावरचं शून्य

पुढच्या आषाढात वहिनी पोराला लस टोचायला केंद्रावर गेली. सवयीनं तिनं फळा वाचला. 'सर्पदंशाची लस' या शब्दांपुढं शून्य होतं.

ती आत गेली आणि विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "मागणी गेली आहे. चार दिवसांत येईल." वहिनीनं ते वहीत लिहिलं. संध्याकाळी वाडीत घरोघर सांगितलं, "चार दिवस कोणाला जनावर चावलं तर इथं थांबायचं नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं."

चौथ्या दिवशी लस आली. त्या चार दिवसांत कोणाला काही झालं नाही. पण झालं असतं, तर कुठं जायचं हे त्या वर्षी सगळ्या वाडीला माहीत होतं.

रात्री कधी कधी रुग्णवाहिकेची फार वाट पाहावी लागते. त्याचा अर्ज आता आबा लिहीत आहेत. एक बोट नाही, म्हणून अक्षर वाकडं येतं. पण वाचता येतं.

प्रश्न

१. आबांना उपचार मिळायला उशीर का झाला? कारणं सांगा.
२. 'पोच' म्हणजे काय? ती का घ्यायची?
३. साप चावल्यावर कोणत्या गोष्टी करू नयेत?

एवढं करा

तुमच्या आरोग्य केंद्रात जा. भिंतीवरची पाटी वाचून वहीत उतरवा. तिच्यात काय नाही, तेही लिहा. मग वर्गात सगळ्यांना वाचून दाखवा.